रुमालाखालचा हात

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
१४ मार्च १९८६

चि. बसवंतास अक्काचे पोटभर आशीर्वाद. उमाला आणि दोन्ही पोरांनाही.

पत्र लिहिण्यास कारण की, कारण काही नाही. भाऊ तिकडं नांदेडला बसला आणि बहीण इकडं, मग अधूनमधून कागद काळा करावाच लागतो. तुझं पत्र येऊन पाच महिने झाले. केळीच्या गाड्या भरता भरता लिहिणं विसरलास की काय?

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पाण्याचं मात्र काही क्षेम नाही. आपल्या गल्लीत टँकर आठवड्यातून दोनदा येतो, आणि आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. जिल्हा झाला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे खाल्ले, आठवतंय ना? लोकांना वाटलं होतं, नवा कलेक्टर येताना खिशात पाऊस घेऊन येईल. आता रस्त्याला लाल दिव्याची गाडी दिसते, आणि तिच्या मागं टँकर. तुमच्या अर्धापूरकडं केळीला पाणी आहे का रे? असेल तर दोन फण्या पाठव. लई दिवसांत गोड केळं खाल्लं नाही.

सिद्धेश्वराची जत्रा झाली. पाळणे आले होते, पण बसायला पोरं नव्हती. गंजाच्या बाजारातही शुकशुकाट. तूर आली काय आणि न आली काय, सारखंच. आपलं अडत दुकान सध्या बंदच ठेवलंय. अप्पांना ऊन सोसत नाही, म्हणून. दगडोबा हमाल सकाळी येतो, कुलूप बघतो, ओट्यावर बसून तंबाखू मळतो आणि जातो. त्याला म्हटलं, "अरे, येत जाऊ नको उगीच." तर म्हणतो, "घरी बसून काय करू, शिवगंगाताई? मालक यायचे अन् मी नसायचा."

अप्पा बरे आहेत.

त्यांची एक गंमत सांगते. सकाळी उठून आंघोळ करतात, इष्टलिंग काढून तळहातावर घेतात, विभूती लावून पूजा करतात. सगळं कसं नीट, अगदी पहिल्यासारखं. मग चहा पितात. चहा झाला की म्हणतात, "शिवगंगा, पाणी काढ. पूजा राहिली." दुसऱ्यांदा आंघोळ, दुसऱ्यांदा पूजा. परवा तर तिसऱ्यांदा निघाले. शेजारची कस्तुराबाई दारात येऊन ओरडली, "अगं माय, आम्हाला प्यायला थेंब न्हाई, अन् तुमचे अप्पा दिसातून तीनदा न्हातेत! विहीर हाय का काय घरात?" मी आपलं म्हटलं, "व्रत धरलंय त्यांनी." आता मी पूजा झाली की त्यांच्या कपाळाला हात लावून दाखवते, ही बघा विभूती, झाली पूजा. मग हसतात. लहान पोरासारखं हसतात रे.

वय झालं, दुसरं काय. अव्वा असती तर तिनं बायकोच्या हक्कानं दटावलं असतं. मी लेक, मला कुठलं ऐकतात.

काल माळ्यावर झाडलोट करताना ते जुनं लोखंडी वजन सापडलं, ज्यानं तुझी करंगळी वाकडी केली. काय भोकाड पसरलं होतंस! आणि अप्पा तुला खांद्यावर टाकून भर बाजारातून अनवाणी पळाले होते, हाडवैद्याकडं. त्यांच्या चपला दुकानातच राहिल्या होत्या. ते वजन मी पुसून कोनाड्यात ठेवलंय.

तू एकदा येऊन जा. घाई काही नाही. पण ये.

तुझी,
शिवगंगाअक्का


लातूर,
११ एप्रिल १९८६

बसवा,

पाडव्याचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चार ओळी. "अक्का, हात मी काढला नाही, त्यांनी काढला. चार लोकांत काढला. त्यांनी बोलावल्याशिवाय मी लातूरची पायरी चढणार नाही." सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही तुझा. वाचून आधी राग आला, मग रडू आलं, मग भाकरी करपली.

मागच्या पत्रात मी तुला खरं लिहिलं नाही. अप्पा बरे नाहीत. लिहायला बसले की हात दुसरीकडंच वळायचा. टँकर, जत्रा, केळी. आज सगळं लिहिते. बसून वाच, आणि उमाला जवळ बसव.

त्या दिवसाचं मला आठवत नाही असं समजू नकोस. जिल्हा झाला त्याच सालची तुरीची सुगी. तू स्वतःच्या नावानं व्यापार करायला निघालास. पहिला सौदा अप्पांशीच करायचा, असं तुझ्या मनात. मीच तुला ओवाळून पाठवलं होतं. बाजार कमिटीचा उघडा लिलाव आला, तरी अप्पांसारखी जुनी माणसं आपसात रुमालाखालीच बोलायची. आपण दोघं लहानपणी अव्वाच्या पासोडीखाली तेच खेळायचो. बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, आणि अंगठा दाबला की सौदा पक्का. तोंडानं ब्र काढायचा नाही. अप्पा सांगायचे, हात दिला की अंगठा दाबेपर्यंत काढायचा नसतो. हात मधेच काढला, म्हणजे समोरच्याला माणसांतून काढलं.

तू रुमालाखाली हात दिलास. आणि अप्पांनी आपला हात झटकन काढून घेतला. वर विचारलं, "तुम्ही कुणाची माणसं?" सगळा गंज बघत होता. तू त्याच संध्याकाळच्या एष्टीनं गेलास. मीही अप्पांशी आठ दिवस बोलले नाही. मला वाटलं, पोरगं वेगळं निघालं म्हणून म्हाताऱ्याला झोंबलं. तुला वाटलं तेच मला वाटलं, गावालाही तेच वाटलं.

आता ऐक. पाडव्याच्या आधीच्या सोमवारी अप्पा दुपारी कुणाला न सांगता गंजाकडं निघाले. जन्म गेला त्या वाटेवर, डोळे मिटून जातील. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही. दगडोबाला ते गोलाईच्या चौकात सापडले, एका बंद दुकानाच्या पायरीवर. त्याला म्हणाले, "बाबा, मला गुरुपादप्पाच्या घरी सोड. त्याची लेक वाट बघून राहिली असेल." स्वतःच्याच घराचा पत्ता स्वतःच्याच नावानं विचारला. दगडोबा मला हे सांगताना धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर शांत माणूस आहे. दंडाला तो पट्टा बांधला, फुगवला, पाऱ्याकडं बघितलं. परत फुगवला. मग मला विचारलं, "बीपीची गोळी कधी चालू होती का?" होती ना! तू बारावीत असताना सोलापूरच्या डॉक्टरनं दिली होती. अप्पांनी दोन महिने खाल्ली आणि सोडून दिली. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग गोळी कशाला? ज्या मालाला गिऱ्हाईक न्हाई तो दुकानात भरून ठेवायचा का?" असं म्हणाले होते, आणि आपण सगळे हसलो होतो. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, याचीच तर पंचाईत आहे बाई, हे दुखतच नाही.

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. मेंदूत केसासारख्या बारीक शिरा असतात. रक्ताचा दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की त्या निबर होतात, बुजतात. "शेताला पाणी सोडताना पाट बुजला, की शेवटच्या वाफ्याला थेंब पोचत न्हाई, तसं," म्हणाले. मेंदूचा तेवढा तुकडा वाळून जातो. मोठा झटका आला तर तोंड वाकडं होतं, अंग लुळं पडतं, सगळ्यांना दिसतं. पण हे बारीक झटके येऊन जातात ते कुणालाच कळत नाहीत. घरचे म्हणतात, म्हातारा तिरसट झाला, म्हातारा हट्टी झाला. मी मान खाली घातली. हेच म्हणत आले होते मी, तीन वर्षं.

मग त्यांनी अप्पांना विचारलं, "आजोबा, मागं कधी हाताला मुंग्या आल्या होत्या? हात बधिर झाला होता? बोलताना शब्द अडला होता?"

अप्पा आपल्या उजव्या हाताकडं बघत बसले. आणि मग बोलले, बसवा. इतकं सरळ ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. त्यांचेच शब्द लिहिते.

"एकदा. पोराचा हात हातात आला अन् बोटंच कळंनात. एक धरलं का पाच, काई उमजंना. आपला हात का लाकूड, काई कळंना. त्याचं नाव घ्यायला गेलो, तर नाव येईना तोंडात. चार माणसं बघून राहिली होती. अडत्याच्या बोटातली जान गेली, हे कळलं असतं तर पेढी बसली असती. म्हणून काढून घेतला."

मी म्हटलं, "अप्पा, नंतर तरी सांगायचं! बसवा गाव सोडून गेला."

तर म्हणाले, "थोड्या येळानं हात आला जाग्यावर. मग म्हटलं, कशाला बोभाटा? झाकली मूठ सव्वा लाखाची."

ऐकतोयस ना? तुझा हात त्यांनी झिडकारला नव्हता रे. त्यांना तो लागतच नव्हता. कुणाची माणसं असं विचारलं ते हिणवायला नाही, नाव खरंच गेलं होतं तोंडातून. आणि हा माणूस इज्जतीपायी गप्प बसला. तू तिकडं फुगून बसलास, मी इकडं. एवढ्याशा गोष्टीसाठी तीन वर्षं वाया गेली, आणि त्या तीन वर्षांत त्यांचं निम्मं डोकं वाळून गेलं. मला इतकं वाईट वाटतं की काय सांगू. कुणावर रागवावं तेही कळत नाही.

गोळ्या चालू केल्यात. मी समोर उभी राहून गिळायला लावते. गेलं ते परत येणार नाही, डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. राहिलंय ते जपायचं. मीठ तोडलंय. लोणचं, पापड, खारट शेंगाचटणी, सगळं बंद. अळणी वरण बघून म्हणाले, "दुष्काळ मिठाचाबी पडला का?" मीही त्यांच्यासोबत अळणीच खाते. डॉक्टरांनी गंमत म्हणून माझ्याही दंडाला पट्टा बांधला होता. माझं काय, ठीक आहे.

तू म्हणतोस त्यांनी बोलवावं. ते कसे बोलावतील? तुझं नाव त्यांच्या तोंडात आलं तर येतं, नाही तर नाही. मला कधी शिवगंगा म्हणतात, कधी अव्वाच्या नावानं पार्वतम्मा म्हणून हाक मारतात, आणि मी ओ देते. अजून थोडी ओळख शिल्लक आहे, बसवा. ती असेपर्यंत त्यांच्यासमोर येऊन बस. मानपान आपण मागून बघू.

बसवजयंतीला ये. तुझ्या नावाचाच सण आहे, निमित्त शोधायला नको. मी तुला हात जोडते.

शिवगंगा


लातूर,
२० मे १९८६

माझ्या बसवा,

नीट पोचल्याचं उमाचं कार्ड मिळालं. तू आणलेली केळी सगळी पिकली, गल्लीभर वाटली. कस्तुराबाईला मुद्दाम मोठी फणी दिली. आता अप्पांनी चारदा आंघोळ केली तरी ती बोलायची नाही.

तू एष्टीत चढताना जे बोललास, ते माझ्या काळजातून जात नाही. "अक्का, मी आलो, पण त्यांनी मला ओळखलं न्हाई. त्यांच्या लेखी मी कुणी पाव्हणा. आता परत येऊन काय करू?" खिडकीतून तोंड फिरवलंस, पण मी बघितलं. बाप्यासारखा बाप्या, डोळे पुसत होतास.

मला तरी काय वाटत होतं! मी पुरणपोळी केली होती, बिनमिठाची का होईना. तू दारात आलास, पाया पडलास, आणि अप्पा म्हणाले, "या पाव्हणं, बसा. कुठल्या गावचे?" मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मी सांगितलं, अप्पा, बसवंत आलाय. ते म्हणाले, "बसवंत लहान हाय. शाळंत गेलाय." तुझा चेहरा एवढासा झाला.

मग मीच त्यांचं उपरणं तुमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही दोघं ओट्यावर बसलात, उपरण्याखाली हात, तोंडानं कुणी बोलत नव्हतं. चहा निवून गेला. मी दोनदा तापवून आणला, परत निवला. आकडा त्यांनी एकही दिला नाही, असं तू म्हणालास. नुसता हात धरून बसले. मग एष्टीची वेळ झाली आणि तू हळूच हात सोडवून घेतलास. मी तुला दोष देत नाही. गाडी काय कुणासाठी थांबते?

पण नंतर काय झालं ते तुला माहीत नाही. म्हणून हे पत्र.

तुला सोडून मी घरी आले, तर अप्पा तिथंच बसलेले. उपरणं तसंच हातावर. मी म्हटलं, चला आत, ऊन लागतंय. उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, चहा झाला, आणि कधी नव्हे ते दुसऱ्या आंघोळीचं नाव काढलं नाही. सरळ ओट्यावर जाऊन बसले. उजवा हात पुढं, वरून उपरणं नीट झाकलेलं. रोज हेच चालू आहे. जाणारी येणारी माणसं बघतात. दगडोबा रस्त्याकडं तोंड करून त्यांच्या आड बसतो, लोकांना दिसू नये म्हणून. मला आधी काही कळेना. मग डोक्यात आलं, तू अंगठा दाबला नाहीस. त्यांचा सौदा अजून चालू आहे.

काल संध्याकाळी मला राहवलं नाही. म्हटलं, बसून बसून हात दुखेल म्हाताऱ्याचा. मी दाबते अंगठा आणि मोकळं करते त्यांना. कुणाचा हात आहे हे आता त्यांना काय कळणार? शेजारी बसले आणि उपरण्याखाली हात दिला.

त्यांनी धरला. हळूहळू एकेक बोट चाचपत गेले. अंगठा, त्याच्या बाजूचं, मधलं. शेवटी करंगळीवर आले आणि थांबले. माझी करंगळी त्यांनी वरून खाली, खालून वर दोनदा बघितली. आणि झटकन हात काढून घेतला.

"हा न्हाई," म्हणाले.

बसवा, रस्त्यावरची माणसं बघत होती आणि माझ्या बापानं माझा हात झिडकारला. आणि मला इतका आनंद झाला, इतका झाला, की मी मोठ्यानं रडले. दगडोबा घाबरून उठला.

मी विचारलं, "मग कुणाचा पाहिजे, अप्पा?"

नाव आठवायला लागले. ओठ हलले, पण नाव आलं नाही. लई कष्ट होत होते त्यांना, बघवत नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या अप्पा, राहू द्या. तर मान हलवली, आणि आपल्या डाव्या हातानं आपल्याच उजव्या हाताची करंगळी धरली. धरून ती वाकडी केली. आणि मला दाखवली.

तोंड ओळखलं नाही त्यांनी तुझं. खरं आहे. तोंड मिशीवालं झालंय, ते त्यांच्या शाळेतल्या बसवाचं नाही. पण हात ओळखला, रे राजा. तेवढा वेळ ते सौदा करत नव्हते, तुझी करंगळी धरून बसले होते.

म्हणून सांगते, ये. दर पंधरवड्याला ये, निदान अमावास्येला तरी ये, केळीच्या गाड्या बंद असतात तुमच्या. ते पाव्हणं म्हणतील, तर पाव्हणा हो. गाव विचारतील, तर रोज नवं गाव सांग. पण हात दे. आणि एक ऐक, अंगठा दाबू नकोस. सौदा पक्का झाला तर ओट्यावर तुझी वाट बघत बसायचं थांबतील.

अजून एक. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, माझं ठीक आहे. ते खोटं होतं. माझाही पारा वर चढला होता. आता अप्पांसोबत मीही गोळी घेते, दोघंही एकाच तांब्यातल्या पाण्यानं. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून येतं. उमा लिहिते, तुझं सकाळी डोकं जड असतं, आणि तू पोरांवर उगीच खेकसतोस. तू येण्याआधी नांदेडला दंडाला पट्टा बांधून ये. दुखत नाही म्हणून टाळू नकोस. आकडा काय आला ते मला तोंडानं सांग, चार लोकांत सांग. आपल्या घरात आता कुणी मूठ झाकायची नाही.

अप्पा आत्ताही ओट्यावर आहेत. ऊन कलतंय. उपरणं वाऱ्यानं उडतं, ते डाव्या हातानं परत नीट करतात.

तुझी वाट बघणारी,
सरळ करंगळीची,
अक्का